ठकूमावशींच्या मांडीवरची हार्ड डिस्क

आमच्या घरात दिवस हॉर्नने उजाडायचा. माझे वडील, ज्यांना घरात आणि घराबाहेर सगळेच भाऊ म्हणायचे, कामशेत ते पवनानगर शिटांची, म्हणजे प्रवाशांची, जीप चालवायचे. सकाळी गाडी चालू केली की ते पहिल्यांदा हॉर्न वाजतो का ते बघायचे, ब्रेकची पाळी त्यानंतर. आई रोज दचकायची आणि रोज म्हणायची की एक दिवस हा हॉर्न मी धरणात बुडवून येणार आहे. मग स्टोव्हचा फरफराट, भाकरी थापल्याचा आवाज, आणि भाऊंचं गल्लीतूनच "कामशेत, कामशेत" ओरडत निघणं, कारण स्टँडवर पोचेपर्यंत एखादं शीट मिळालं तर तेवढंच. रविवारी विहारात वंदनेला जायचं असलं तरी भाऊ जीपनेच जायचे आणि येताना वाटेतल्या म्हाताऱ्यांना दारापर्यंत फुकट सोडत यायचे. म्हणून आमचं रविवारचं जेवण कायम गार व्हायचं. बाकी जेवण कसलं म्हणाल तर इंद्रायणीचा भात आणि धरणातल्या चिलापी माशाचं कालवण. हल्ली डॉक्टरांनी माझा भात बंद केलाय, आणि मीही त्यांना मान देऊन फक्त दुपारी आणि रात्रीच खाते.

आई गुलाबाच्या पॉलीहाऊसला कामाला होती. आमच्या पवन मावळात प्लॅस्टिकच्या पांढऱ्या मांडवाखाली गुलाब पिकतात आणि खोक्यांत बसून लांबलांबच्या शहरांत जातात. लोकांना वाटतं तिथं काम करणाऱ्या बायकांच्या अंगाला गुलाबाचा वास येत असेल. आईच्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास यायचा आणि ती आल्याआल्या आधी अंघोळीला पळायची. पण काम सावलीतलं होतं, पगार ठरल्या दिवशी यायचा, आणि तिथल्या सुपरवायझरबाईंशी आईचं चांगलं होतं. त्यामुळे माझं कॉलेज संपल्यावर आईच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की सुशी आता माझ्याबरोबर पॉलीहाऊसला येणार. सुशी म्हणजे मी.

माझ्या डोक्यात मात्र कॉम्प्युटर शिरला होता. कामशेतला एका क्लासमध्ये मी टायपिंग शिकायला जात होते आणि टायपिंग सोडून सगळं शिकत होते. एकदा तिथलं एक मशीन बंद पडलं, ते उघडायला माणूस आला, आणि मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. काय सांगू, आत सगळं नुसतं एकमेकांत बसवलेलं होतं. हे इथं खुपसायचं, ते तिथं अडकवायचं, चार स्क्रू आवळायचे. लहानपणापासून जीपचं बॉनेट उघडं बघितलेली पोरगी मी, मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच होय. तेव्हापासून मी एकेक भाग गोळा करत सुटले. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून कॉम्प्युटरचा रिकामा पेटारा मिळाला, एका कॅम्पसाइटच्या ऑफिसात नवीन मॉनिटर आला तेव्हा जुना माझ्याकडे आला, मदरबोर्ड क्लासमधल्याच एकाने दिला. आई म्हणायची की लोकांच्या पोरी रुखवताला भांडी जमवतात, आमची भंगार जमवती. शेवटी सगळं जमलं आणि एक हार्ड डिस्क तेवढी राहिली. तीच नसली तर बाकीच्या पसाऱ्याला काही अर्थ नाही, कारण मशीनला जे काही आठवायचं असतं ते सगळं तिच्यात असतं.

त्याच सुमाराला लोणावळ्याच्या बाजारात अन्वरभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माणूस हवा असल्याचं कळलं आणि मी जाऊन उभी राहिले. अन्वरभाई जाड भिंगाचा चष्मा लावणारे, बोलायला हळू आणि नजरेला तिखट. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं की बिल करायचं काम येईल का. मी म्हटलं, मला बिल नको, मला पेटारे उघडायचेत. ते हसले. मग म्हणाले की स्वतःच्या हाताने एक मशीन जोडून आण, माझ्यासमोर चालू करून दाखव, मग बोलू. पण रविवारच्या आत, कारण सोमवारपासून मी एक मुलगा ठेवणार आहे. मला आजही वाटतं की ते चेष्टेत बोलले होते. मी ते मनावर घेतलं. आईने हे ऐकून घेतलं आणि तिनेही तिची अट घातली. रविवारी त्या दुकानदाराने हो म्हटलं तर ठीक, नाहीतर सोमवारी सकाळी डबा भरून माझ्याबरोबर पॉलीहाऊसला, आणि मग ह्या भंगाराचं नाव काढायचं नाही. सुपरवायझरबाईंना तिने तसा शब्दही देऊन टाकला. भाऊंनी दोघींकडे बघितलं आणि जीप धुवायला निघून गेले.

शनिवारी मी पुण्याला जाऊन हार्ड डिस्क आणली. विकणाऱ्याने ती चंदेरी रंगाच्या पिशवीत घालून दिली आणि बजावलं की बाई, आत थाळी असते, तिच्यावर केसाच्या अंतराने सुई फिरते, एक दणका बसला तर संपलं. हे ऐकल्यापासून मी ती तान्ह्या बाळासारखी धरली होती. कामशेतला उतरले तर समोर भाऊंची जीप, गच्च भरलेली. मागच्या बाकावर चाकाच्या बरोबर वर तेवढी एक जागा, शेजारी खताची गोणी. त्या जागेवर बसलं की खड्ड्यागणिक माणूस टपाला टेकतं. मी भाऊंना दणक्याची गोष्ट सांगितली.

आता आमच्या जीपचा एक रिवाज सांगायला हवा. नाजूक वस्तू कुणाचीही असो, ती मागं ठेवायची नाही. पुढं मधल्या शिटावर जे वडीलधारं माणूस असेल त्याच्या मांडीवर द्यायची, कारण तिथं हिसका सगळ्यांत कमी बसतो आणि म्हातारं माणूस वस्तू टाकत नाही. अंडी, आरसे, लग्नातले केक, एकदा तर कुणाच्या तरी चष्म्याची नवी काच, सगळं असंच मांड्यांवरून सुखरूप गेलेलं. त्या दिवशी पुढं ठकूमावशी बसल्या होत्या, करुंजच्या. बारीक अंगाच्या, नऊवारी, आणि अख्ख्या रस्त्यावर त्यांच्या शब्दाला मान. भाऊंनी हार्ड डिस्क त्यांच्या मांडीवर ठेवली आणि अगदी गंभीर आवाजात सांगितलं, "मावशी, लय नाजूक हाय. म्या सांगत न्हाई तवर ह्ये हातातनं खाली ठेवायचं न्हाई." मावशींनी पदर दुमडून गादी केली आणि दोन्ही हात वर झाकणासारखे ठेवले. मी निश्चिंत होऊन मागं गोणीला टेकले. मला आतल्या आत गुदगुल्या होत होत्या. उद्या ह्या वेळेला माझं मशीन चालू झालेलं असेल, असं मी मनात म्हणत होते आणि दर खड्ड्याला डोकं आपटून घेत होते.

पवनानगरला जीप रिकामी झाली, मी उडी मारून पुढं आले, तर मधलं शीट मोकळं. मी भाऊंना विचारलं, हार्ड डिस्क कुठाय. भाऊ म्हणाले, मावशींकडं. मी म्हटलं, मावशी कुठायत. आणि मग आम्ही बापलेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. मावशी करुंजला उतरल्या होत्या. त्या उतरल्या तेव्हा मला गोणीआडून काही दिसलं नाही, भाऊ मागच्या शिटांकडून भाडं घेत होते, कुणीतरी सुट्ट्यांवरून हुज्जत घालत होतं, मावशींनी विचारायला तोंड उघडलंही असेल, पण भाऊंनी काही सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणून त्यांनी खाली ठेवली नाही. ठेवली नाही म्हणून ती त्यांच्याबरोबर गेली. मला आता हे लिहिताना खुदकन हसू येतंय, पण तेव्हा मला दिसत होतं ते असं, की मावशींची नातवंडं त्या चंदेरी पिशवीने चेंडू खेळतायत, आणि सोमवारी मी पॉलीहाऊसमध्ये उभी आहे.

स्टँडवर जीपवाल्यांचे नंबर असायचे आणि नंबर सोडून कुणी गाडी काढली की भांडण ठरलेलं. भाऊंनी त्या दिवशी नंबर सोडला, रिकामी जीप फिरवली आणि ती अशी काही हाणली की वाटेत हात करणाऱ्या लोकांना वाटलं कुणाला दवाखान्यात नेतायत. करुंजला मावशींच्या घराजवळ आलो तर लांबूनच म्हशीचा हंबरडा ऐकू येत होता. पडवीत माणसं जमलेली. आत शिरलो तर मावशी भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेल्या, मांडीवर पदराची गादी, गादीवर हार्ड डिस्क, वर दोन्ही हात. सून शेजारी बसून त्यांना बशीने चहा पाजत होती. म्हैस त्यांच्याशिवाय कुणाला दूध काढू द्यायची नाही, धारेची वेळ टळून गेलेली, म्हणून ती गोठ्यात बोंबलत होती, आणि मावशी तिला बसल्या जागेवरून समजावत होत्या की जरा दम काढ बाई, भाऊ येऊ दे. मुलगा वैतागून म्हणत होता की आयं, फळीवर ठेव की ते. त्यावर मावशींचं एकच उत्तर होतं, की फळीला कुठं भाऊनं सांगितलंय.

भाऊंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "मावशी, ठेवा आता."

मावशींनी हात बाजूला केले, बोटं चोळली आणि मला विचारलं, "पोरी, ह्यात हाय तरी काय?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "आत्ता काहीच नाही मावशी. नवी आहे. रिकामी आहे."

"रिकामं?" त्या आधी माझ्याकडे, मग भाऊंकडे बघायला लागल्या. "आन मी म्हस तटवून रिकामं धरून बसले व्हय?"

त्यांची सून जी हसत सुटली, की हातातला चहा तिच्याच अंगावर. मग मुलगा, मग जमलेली माणसं, शेवटी मावशी स्वतः, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसू आणि रडू एकदमच आलं. आम्ही त्यांचा चहा घेतला, निघताना त्यांनी पाटीभर वाल दिले, आणि परतीच्या सगळ्या रस्त्याने भाऊ मध्येच "रिकामं" म्हणायचे आणि स्टिअरिंगवर थाप मारून हसायचे. ह्या खेपेला डिस्क माझ्या मांडीवर होती आणि जीप बैलगाडीच्या वेगाने चालली होती.

संध्याकाळी घरात लाईट नव्हती, पण डिस्क बसवायला लाईट कशाला हवी. मी पडवीत चटईवर पेटारा आडवा केला. हल्ली सगळं एका चिपेवर मावतं, बोटाच्या पेराएवढी पट्टी खाचेत सरकवली की काम झालं, आणि ती चालतेय का बंद आहे तेही ऐकू येत नाही. तेव्हाची हार्ड डिस्क हातात घेतली की वीट घेतल्यासारखी वाटायची. तिच्या पाठीमागे डाळीच्या दाण्याएवढं एक प्लॅस्टिकचं टोपण असायचं, ते बरोबर दोन पिनांवर बसवलं की मशीनला कळायचं की हीच घरातली मोठी. मग एक रुंद चपटी पट्टी, एका कडेला लाल रेघ असलेली, ती डिस्कमधून मदरबोर्डाकडे जायची आणि सगळा निरोप तिच्यातून. आणि विजेची वेगळी चार तारांची पिन. मी टोपण बसवलं, डिस्क खणात सरकवली आणि स्क्रू लावायला घेतले, तेवढ्यात भाऊ टॉर्च घेऊन वाकले आणि म्हणाले की थांब.

त्यांचं म्हणणं असं, की जी वस्तू आत फिरते ती हादरते, आणि जी हादरते तिला लोखंडावर लोखंड बसवायचं नाही. जीपचं इंजिनसुद्धा रबरावर बसतं. दणका बसला तर संपलं, हे तर मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी टायरची जुनी ट्यूब काढली, पत्र्याच्या कात्रीने तिच्या गोल चकत्या कापल्या, मधे भोकं पाडली, आणि इतक्या सुबक की मला नाही म्हणवेना. डिस्क आणि खणाच्या मधे चकत्या घालून मी स्क्रू आवळले. भाऊंनी डिस्क हलवून बघितली आणि समाधानाने मान डोलावली. आईने आतून विचारलं की झाली का जुळवाजुळव, कालवण निवतंय. त्या रात्री मी काय जेवले मला आठवत नाही, नुसती बडबड करत होते एवढं आठवतंय.

रविवारी सकाळी लाईट आली. मी बटण दाबलं, पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि त्यांत हार्ड डिस्कचं नाव आलं. मी किंचाळले. आई पोळपाट सोडून आली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, एवढ्यासाठी? मी म्हटलं, आई, मशीनला डिस्क दिसली. आई म्हणाली, मला पण दिसतीय, तिथंच तर हाय. मग मी सीडी घालून विंडोज भरायला घेतली. त्यात किती टक्के झालं ते आकडे हळूहळू वाढत जातात. ते बघायला आधी शेजारीण आली, मग तिची पोरं, मग मला न्यायचंच आहे म्हणून भाऊंनी त्या दिवशी घेतलेली आणि जीपमध्ये बसून कंटाळलेली लोणावळ्याची शिटं. पडवी भरली. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, लोक क्रिकेटचा स्कोर सांगावा तसे मागच्यांना सांगत होते. बराच वेळ आकडा हललाच नाही तेव्हा एका आजोबांनी विचारलं की मधी कुणी आउट झालं का. लाईट जाईल म्हणून मी नखं खात होते. गेली नाही. निळ्या आभाळाखाली हिरवी टेकडी पडद्यावर आली आणि सगळी पडवी, मी सांगते, टाळ्या वाजवायला लागली. आजोबा म्हणाले, ही तर आपली तुंगची बाजू दिसती. आई दारात उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पोळी करपल्याचा वास येत होता आणि ती आत गेली नाही.

दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला जाताना मॉनिटर माझ्या मांडीवर होता आणि पेटारा पुढं मधल्या शिटावर त्याच आजोबांकडे. रविवार, म्हणजे रस्त्यावर पुण्यामुंबईच्या गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. भाऊंनी कुसगावच्या बाजूने आडवाटा काढल्या आणि त्या आडवाटांचे खड्डे त्यांनी डोळे मिटूनही गाडी चालवता यावी तसे चुकवले. सगळे चुकले नाहीत. जीपमधल्या कुणालाही लोणावळ्यात दुसरं काही काम आहे असं वाटत नव्हतं. उतरल्यावर पाचसहा जण आमच्याबरोबर सरळ अन्वरभाईंच्या दुकानात शिरले.

अन्वरभाईंनी चष्मा वर केला, मग ह्या वरातीकडे बघितलं. टेबलावर जागा करून दिली. मी वायरी लावल्या आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पांढरी अक्षरं आली, आणि खाली ओळ आली की हार्ड डिस्क सापडत नाही.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, ते खूश होऊन म्हणाले, आता टेकडी येईल. भाऊंना माझा चेहरा वाचता यायचा. त्यांचं तोंड उतरलं. पॉलीहाऊसचा पांढरा मांडव डोळ्यांसमोर आला, मशीन उचलून पळून जावं असं वाटलं, आणि मग मला एकदम राग आला. काल डिस्क मावशींच्या मांडीवर शाबूत होती, सकाळी तिने अख्ख्या पडवीच्या टाळ्या घेतल्या होत्या, आणि आता ह्या माणसासमोर आल्यावर तिला काय धाड भरली.

इंजिन बिघडलं की भाऊ लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ कानाला. आतलं सगळं ऐकू येतं. मी पेटाऱ्याची बाजू उघडली, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक डिस्कच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. काउंटरवरचं एक गिऱ्हाईक हसलं. मला ऐकू येत होतं, बारीक, एकसारखं, सूं. फिरत होती. म्हणजे डिस्क जिवंत होती, वीज पोचत होती, फक्त निरोप पोचत नव्हता. मी मशीन बंद केलं आणि आत हात घातला. रबराच्या जाडीमुळे स्क्रूंना नीट पकड मिळालीच नव्हती. खड्ड्याखड्ड्याने ते सैल झाले होते, डिस्क मागं सरकली होती आणि चपटी पट्टी एका कोपऱ्याने अर्धी निघाली होती.

मी भाऊंच्या चकत्या एकेक करून काढल्या. काढून कुठं ठेवाव्या कळेना, भाऊ शेजारीच उभे होते, मी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या बघितल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. मी डिस्क परत सरकवली, लोखंडावर लोखंड, स्क्रू आवळले, पट्टीची लाल रेघ बघून ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली आणि बटण दाबलं. अक्षरं आली. डिस्कचं नाव आलं. टेकडी आली. आजोबा म्हणाले, म्हणलं नव्हतं का.

अन्वरभाईंनी माउस हातात घेतला, इकडेतिकडे फिरवून बघितला आणि चष्मा काढून पुसायला लागले. मी विचारलं, मशीन कसं वाटलं.

"मशीन चालू करून तर कुणीही दाखवेल," ते म्हणाले. "बंद पडल्यावर तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. उद्या दहाला ये."

मी काय केलं असेल सांगा. मी त्यांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, कॉलेज झालेली घोडी, उड्या मारल्या. आजोबा माझ्याबरोबर एक मारायला गेले आणि भाऊंनी त्यांना धरलं. भाऊंनी बाजारातून चिक्की घेतली आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला ती खावी लागली. उतरेपर्यंत त्यांना सगळी गोष्टही ऐकावी लागली, आणि प्रत्येक वेळी सांगताना भाऊंच्या त्या गोष्टीत त्यांचं रबर आधी यायचं. म्या लावलं म्हणून सैल झालं, सैल झालं म्हणून पोरीनं करून दाखवलं, अशी त्यांची मांडणी होती. मी मागं बसून इतकी हसले की गालांच्या कडा दुखायला लागल्या.

घरी आलो तर आई दारातच होती. भाऊंनी हॉर्न वाजवतच सांगितलं, त्यामुळे तिला काही ऐकू गेलं नाही आणि मला परत सांगावं लागलं. ती "बरं झालं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं रागावली. सुपरवायझरबाईंना दिलेला शब्द मोडला, उद्या तिला तिथं तोंड दाखवायचंय, असं माझ्या मनात आलं आणि माझ्या सगळ्या उड्या थंडावल्या. तिने ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोरे करकरीत चामड्याचे हातमोजे होते, कोपरापर्यंत येणारे. गुलाबाच्या काट्यांसाठी तसले लागतात. आई स्वतः जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून काम करायची, तिची बोटं बारा महिने ओरखडलेली. मोजे माझ्या मापाचे होते. सोमवारसाठी आणून ठेवलेले.

"ह्ये न्हे उद्या," ती म्हणाली. "करंटचं काम हाय. उघड्या हातानं करू नको."

मी तिला सांगणार होते की आई, तिथं करंट नसतो, मशीन बंद करूनच उघडतात, आणि ह्या मोज्यांनी तो डाळीएवढा दाणा मला कसा उचलता येईल. पण ती माझ्या हातात मोजा चढवून बघत होती, बोटं टोकापर्यंत पोचतात का ते दाबून बघत होती. मी दुसरा हातही पुढं केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पॉलीहाऊसकडे पायी निघाली आणि मी जीपमध्ये बसले, कोपरापर्यंत मोजे घालून. सगळी शिटं माझ्या हातांकडे बघत होती. आई वळून वळून बघत होती, आणि मी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून तिला दाखवत होते, ती दिसेनाशी होईपर्यंत.